जास्वंद आणि अंबाडी: कुठलं झाड कशासाठी?

परसदार

बाजारात हल्ली 'हिबिस्कस टी'ची पाकिटं सर्रास मिळतात. पाकिटावर लालभडक जास्वंदीचं चित्र असतं, पाच पाकळ्या आणि मधून बाहेर आलेला लांब तुरा. पाकीट फोडून बघा. आत काळपट लाल, जाडसर, वाळलेले तुकडे निघतात. एक तुकडा जिभेवर ठेवला तरी दात आंबतात. जास्वंदीची पाकळी अशी आंबट कधीच लागत नाही, ती बुळबुळीत आणि जवळजवळ बेचव असते. पाकिटात असतात ती अंबाडीची बोंडं.

यावर मुद्दाम धागा काढतेय, कारण रोज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर 'जास्वंदीचा चहा प्या, बीपी घालवा' असा निरोप फिरत येतो. माझ्या माहितीतल्या एक काकू तो वाचून देवाच्या जास्वंदीच्या पाकळ्या उकळून प्यायला लागल्या आणि गोळी 'एक दिवसाआड' करून टाकली. दाब वाढून चक्कर आली तेव्हा घरच्यांना कळलं. सुदैवाने वेळेत सावरलं.

दोन्ही झाडं एकाच घराण्यातली, कापूस-भेंडीच्या. पण दोघांची कामं निराळी आहेत.

आपल्या अंगणातली जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप. गावठी लाल जास्वंदीला आपल्याकडे बहुधा बी धरत नाही, फांदी लावूनच ती एका घरातून दुसऱ्या घरी जाते. अंबाडी म्हणजे हिबिस्कस सबडारिफा. पावसाच्या तोंडाला पेरायची आणि थंडीत काढून घ्यायची. तिचं फूल फिकट पिवळं, मध्यभागी गडद डोळा. ते एका दिवसात मिटतं आणि मग पाकळ्यांखालचा पेला मांसल, लाल, आंबट होत जातो. हेच बोंड.

रक्तदाबाचं जे संशोधन सांगतात ते या बोंडांवरचं आहे. 2010 साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 30 ते 70 वयाचे 65 जण होते. दाब थोडा वाढलेला, पण गोळी चालू नसलेले. निम्म्यांनी रोज तीन कप बोंडांचा चहा प्यायला, बाकीच्यांना तशाच रंगाचं-चवीचं दुसरं पेय दिलं. सहा आठवड्यांनी चहावाल्यांचा वरचा दाब सरासरी 7.2 अंकांनी उतरला, दुसऱ्या गटाचा 1.3 ने. चांगला परिणाम आहे, पण तो सौम्य दाबावरचा आणि सहा आठवड्यांपुरता. गोळी बंद करा असं त्यातून कुठेही निघत नाही. आणि देवाच्या जास्वंदीला हा आकडा लावणं तर सरळ चूकच.

जास्वंदीचं खरं काम बाहेरून. केस, डोक्याची त्वचा. 2003 साली तमिळनाडूतल्या संशोधकांनी उंदरांवर पानांचा आणि फुलांचा अर्क लावून पाहिला, त्यात फुलांपेक्षा पानांचा अर्क सरस ठरला. आपण मात्र फुलं वेचतो आणि पानांकडे बघतही नाही!

तुमच्याकडे काय काय करतात ते लिहा. फक्त एक विनंती: जास्वंद की अंबाडी, ते स्पष्ट लिहा.

मोगरकळी

फार गरजेचा धागा, ताई. आमच्याकडे आईच्या काळापासून जास्वंदीचं तेल घरीच होतं. अर्धा लिटर खोबरेल, दहा-बारा गावठी लाल फुलं, मूठभर पानं. पण मी इथे पुण्यात करते ते महिन्याभरात खवट वास मारायला लागतं. आईचं वर्षभर टिकायचं. फरक कुठे पडत असेल?

रानवाट

वाचते आहे. आमच्याकडे केस धुवायला पानं वापरतात, तेल नाही. पंधरा-वीस पानं कोमट पाण्यात हाताने चुरगळायची. आधी काहीच होत नाही असं वाटतं. दोनेक मिनिटांत पाणी बोटांना लागायला लागतं, मग तार धरतं. ते फडक्यातून पिळून घ्यायचं आणि शिकेकाईने केस धुतल्यावर शेवटी लावून पाच मिनिटांनी नुसत्या पाण्याने काढायचं. गुंता इतका सहज सुटतो की कंगवा अडत नाही. केरळमधल्या माझ्या शेजारीण चेची यालाच ताळी म्हणतात, त्यांच्या घरी बाळांच्या केसांनाही हेच.

एक सांगते, फडकं दाट विणीचं घ्या. पानांचा चुरा केसांत अडकला की निघता निघत नाही.

औषधी_वाट

मोगरकळी ताई, तेल खवट होण्याचं कारण पाणी. फुलात पाणी भरपूर असतं आणि ते पुरतं उडायच्या आत गॅस बंद केला की तेल टिकत नाही. घाई झाली की आच मोठी होते, फुलं करपतात, तेल काळं होतं आणि आत पाणी राहतं ते राहतंच.

आमच्या आयुर्वेदात तैलपाकाचं, म्हणजे औषधी तेल शिजवण्याचं, प्रमाण ठरलेलं आहे: एक भाग कल्क (वाटलेला लगदा), चार भाग तेल, सोळा भाग रस किंवा काढा. घरी एवढं नको. फुलं-पानं धुऊन सावलीत एक दिवस सुकत ठेवा, वाटून घ्या, जाड बुडाच्या कढईत तेलात घाला आणि अगदी मंद आचेवर ठेवा. बुडबुडे येणं थांबलं की तळाचा थोडा चोथा चमच्याने काढा, बोटांत वळून त्याची वात करा आणि ज्योतीवर धरा. तडतडली तर पाणी अजून आहे. शांतपणे जळली तर तेल झालं. ही परीक्षा मी विद्यार्थ्यांकडून दर वेळी करून घेतो. घड्याळ लावून तेल होत नाही, कारण पावसाळ्यातलं फूल आणि उन्हाळ्यातलं फूल सारखं नसतं.

गाळल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत. ओला चमचा नको.

भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात जपा, म्हणजे जास्वंद, केश्य सांगितली आहे, म्हणजे केसांना हितकर. पण टक्कल पडलेल्या जागी या तेलाने केस उगवतील अशी आशा मी कुणालाही लावत नाही. तेलाने कोरडेपणा कमी होतो, केस तुटणं कमी होतं. केस मुळापासून मूठ-मूठ जात असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा.

आता पोटात घेण्याबद्दल, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. जास्वंदीच्या फुलांच्या अर्काने गर्भ रुजायला अडथळा येतो असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. देशात बऱ्याच ठिकाणी परंपरेनेही ती याच कारणासाठी दिली जायची. त्यामुळे गरोदर बायकांनी आणि दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्यांनी जास्वंद पोटात घेऊ नये. डोक्याला तेल लावायला हरकत नाही.

अबोली

वैद्यबुवा, माझ्या सासूबाई अंगावरून जास्त जायचं तेव्हा जास्वंदीच्या कळ्या तुपात परतून द्यायच्या. हे बरोबर आहे का? माझ्या जावेचं वय 46 आहे, गेले काही महिने तिला खूप त्रास होतोय.

औषधी_वाट

अबोली ताई, उपाय जुना आहे आणि ग्रंथांना धरूनही आहे. जास्वंद संग्राही, म्हणजे थांबवणारी, मानली जाते. पण या वयात असा त्रास महिनोन् महिने चालला असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफी करून घ्या. गाठ असू शकते, अस्तर जाड झालेलं असू शकतं, रक्त फार कमी झालेलं असू शकतं. कळ्यांनी चार दिवस थांबलं आणि निदान चार महिने लांबलं, असं मी पाहिलं आहे. याच आठवड्यात न्या. पाळी पूर्ण बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही थांबायचं नसतं, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

अबोली

उद्याच नंबर लावते. मनापासून आभार.

सातपुडा

अंबाडीचं नाव काढलंत म्हणून लिहितो, नाहीतर शहरातल्या धाग्यांवर आमच्या अंबाडीला कोण विचारतं.

आमच्याकडे अंबाडी मुद्दाम वेगळी पेरत नव्हते. तुरीच्या, ज्वारीच्या पेरणीत मूठभर बी मिसळायचं किंवा बांधाच्या कडेने एक तास टाकायचं. पावसाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी, थंडीत बोंडं आणि शेवटी दोर. एक झाड एवढं सगळं देतं.

दोन जाती ध्यानात ठेवा. बोंडाची ती लाल अंबाडी, जिच्याबद्दल ताईंनी लिहिलंय. दुसरी वाखाची, म्हणजे दोरासाठी सालीचा धागा देणारी, हिबिस्कस कॅनाबिनस, उंच सरळ वाढते, खोडाला बारीक काटे असतात, हाताला कुसळं लागतात. तिच्या बोंडाला गर नसतो, त्याचं सरबत करायला जाऊ नका. पाला मात्र दोन्हींचा खातात.

वाख काढणं हे मेहनतीचं काम. फुलावर आलेली झाडं मुळाशी कापायची, पेंढ्या बांधायच्या आणि ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या. दोन-तीन आठवड्यांत साल कुजून सुटते. त्या पाण्याचा वास पार गावापर्यंत येतो. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून एकेक काडी सोलायची, साल आपटून धुवायची, उन्हात वाळवायची. वाळली की पांढुरका, चमकदार वाख हातात येतो. उरलेल्या काड्या चुलीला. माझे आजोबा दुपारी ओसरीवर बसून मांडीवर पीळ देत दोर वळायचे. पोळ्याच्या आधी बैलांचे कासरे, म्होरक्या, दावी सगळी नवी व्हायची. नायलॉनने हे सगळं संपवलं. नायलॉनचा दोर स्वस्त आहे, कुजत नाही, हे खरं. पण ओढ बसली की बैलाची मान सोलतो. अंबाडीचा दोर तसा कापत नाही.

भाजीचं सांगतो. पाला उकडून पिळून घ्यायचा, म्हणजे आंबटपणा बेताचा होतो. त्यात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, थोडी तुरीची डाळ, शेंगदाणे, तिखट, मीठ, गुळाचा खडा. घोटून घ्यायची. आणि ताटात वाढल्यावर वरून लसणाची फोडणी, तेल हात आखडून नाही. लसूण लाल व्हायला हवा, त्याशिवाय या भाजीला अर्थ नाही. सोबत कळण्याची किंवा ज्वारीची भाकरी.

मुतखडा असलेल्यांनी मात्र जपून. अंबाडीच्या पाल्यात ऑक्झॅलेट बरंच असतं.

मोगरकळी

वातीची परीक्षा आजवर कुणी सांगितली नव्हती. या रविवारी तसंच करते. सातपुडा दादा, भाजीची कृती उतरवून घेतली.

दोहा_डायरी

मी कतारमध्ये नोकरीला. इथे सुदानी आणि इजिप्शियन सहकाऱ्यांकडे गेलं की आधी करकडे पुढे येतं. हीच अंबाडीची बोंडं! हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात बर्फ घालून. इजिप्तमध्ये लग्नाला आलेल्यांचं स्वागत करकडेने करतात असं एका मित्राने सांगितलं. पश्चिम आफ्रिकेत सेनेगलला त्यालाच बिसाप म्हणतात, जमैकात नाताळला आलं घालून करतात, मेक्सिकोत तर ते रोजचं सरबत.

सुदानी मित्राची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. तो बोंडं उकळत नाही. मूठभर बोंडं रात्री गार पाण्यात भिजत टाकतो, सकाळी गाळतो. रंग माणकासारखा येतो आणि तुरटपणा कमी राहतो.

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे आपल्या बांधावर उगवणारी ही वस्तू आपल्याच शहरांतल्या दुकानांत परदेशी चहा म्हणून महागड्या डब्यांतून विकली जाते आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची बोंडं गुरं खातात.

सातपुडा

दोहा_डायरी भाऊ, अगदी मनातलं बोललात. आमच्याकडे काही बचतगट आता बोंडांचं सरबत आणि जाम करतात. बोंडात पेक्टिन मुबलक असल्यामुळे जाम आपोआप घट्ट होतो, बाहेरचं काही घालावं लागत नाही. गर, त्याच्या निम्मी-पाऊणपट साखर, बस्स. ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, आंबट आहे. स्टीलच घ्या.

फळ्यावरचा_खडू

जास्वंदीचा एक उपयोग कुणी लिहिला नाही, तो मी लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. लिटमसचे कागद आले तर आले. पण शाळेच्या कुंपणाला जास्वंद आहे.

मुलांना एकेक फूल देतो. पाकळ्या चित्रकलेच्या पांढऱ्या कागदावर दाबून घासायच्या, कागद जांभळट होईपर्यंत. वाळवून पट्ट्या कापायच्या. मग लिंबाच्या रसाचा थेंब टाकला की तिथे गडद गुलाबी. चुन्याची निवळी टाकली की हिरवा. मिठाच्या पाण्याने काहीच होत नाही, आणि 'काहीच होत नाही' हेही उत्तर असतं हे मुलांना तिथे पहिल्यांदा समजतं. मग ती घरून वस्तू आणायला लागतात. ताक, चिंच, कपड्याचा साबण, खाण्याचा सोडा, राख कालवलेलं पाणी. राखेच्या पाण्याने पट्टी हिरवट झाली तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणूनच आजी राखेने भांडी घासायची?" विकतच्या लिटमसने हा प्रश्न वर्गात आला नसता, कारण तो वापरताना मुलं काटकसरीने दोनच थेंब टाकून बघतात.

पाकळ्यांतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे हे होतं. जास्वंदीच्या गरम काढ्यात लिंबू पिळल्यावर तो एकदम लालगुलाबी होतो, तोही याच कारणाने. बोंडं मुळात आंबट, त्यामुळे त्यांचा काढा पहिल्यापासूनच लाल.

परसदार

गुरुजी, सुंदर! हे माझ्या भाचीच्या शाळेत पाठवते आहे. आणि तुमच्या शेवटच्या वाक्यातून एक सोपी खूण मिळाली. गरम पाण्यात टाकल्यावर रंग आपोआप लाल आणि चव आंबट, तर अंबाडी. रंग जांभळट, चव नाही, लिंबू पिळल्यावर लाल, तर जास्वंद.

जास्वंदीचं लिंबू-साखर घातलेलं सरबत छान लागतं, वैद्यबुवांनी वर ज्यांना पोटात घेऊ नका म्हटलंय त्या बायका सोडून बाकीच्यांनी उन्हाळ्यात जरूर करावं. त्यावर औषधाचा शिक्का मारू नये एवढंच. आणि बाजारातली हाराची फुलं पोटात घेऊ नका. ती कशाने फवारलेली असतात ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

इंद्रायणीकाठ

माझ्या जास्वंदीवर पांढरा कापूस चिकटल्यासारखी कीड आहे. शेंडे आकसलेत, कळ्या उमलायच्या आधीच गळतात. औषध मारलं तर फुलं वापरता येणार नाहीत. काय करू?

कुंडीतली_शेती

पिठ्या ढेकूण, मिलीबग. जास्वंदीचा तो कायमचा पाहुणा. आधी खोडावर मुंग्यांची रांग आहे का बघा, असणारच. पिठ्या गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्यासाठी त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात आणि राखतात. मुंग्या न थांबवता नुसती फवारणी केली तर आठवड्यात कीड परत येते.

आकसलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, खतात नको. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या मागून. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण एकजीव करून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा, आणि मग पुन्हा. बुंध्याला चिकट पट्टी गुंडाळली की मुंग्या वर चढत नाहीत. फवारल्यावर आठवडाभर फुलं डोक्याला, पोटाला नकोत.

कळ्या गळण्याचं दुसरं कारण पाणी. एक दिवस कोरडी, एक दिवस तुडुंब असं कुंडीला झालं की जास्वंद आधी कळ्या टाकते.

ऊसमळा

कोल्हापूरकडून थोडं अवांतर, पण याच घराण्यातलं. गुऱ्हाळात रस उकळताना त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट घालतात. भेंडीची हिरवी खोडं ठेचून पाण्यात चोळायची, बुळबुळीत पाणी निघतं ते काहिलीत सोडायचं. मळी त्याला धरून वर येते, ती झाऱ्याने काढून टाकायची. गूळ पिवळाधमक होतो, कुठलीही रासायनिक पावडर न घालता. रानवाट ताईंनी जास्वंदीच्या पानांचा जो चिकट सांगितला, तोच गुण. भेंडीलाही पूर्वी हिबिस्कसमध्येच धरायचे.

चिकट घालायची वेळ गुळव्यालाच कळते. उशिरा घातला तर मळी रसातच मिसळते आणि मग ती निघत नाही.

अमृतवेल

माझे वडील बीपीची गोळी घेतात, शिवाय साखरेचीही. अंबाडीचं सरबत त्यांना दिलं तर चालेल का? की अजिबात नको?

औषधी_वाट

जेवणाबरोबर कधीतरी एक पेला, त्याची चिंता नको. पण औषध समजून रोज तीन कप सुरू करायचे असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा. गोळीही दाब उतरवणार, बोंडंही उतरवणार, आणि म्हातारा माणूस रात्री लघवीला उठताना पडतो. लघवी वाढवणारी गोळी असेल तर जास्तच जपायचं. सुरू केलं तर घरी मशीनवर सकाळ-संध्याकाळ दाब लिहून ठेवा, एकदा बसून आणि एकदा उभं राहून. सरबतात साखर किती जाते तेही बघा, त्यांच्यासाठी बिनसाखरेचंच करा.

काही औषधांचं शोषणही याने कमी होतं. 1994 साली सुदानमधल्या एका अभ्यासात करकडेबरोबर घेतलेलं क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध रक्तात कमी पोचलेलं आढळलं होतं. म्हणून कुठलीही गोळी या सरबताबरोबर गिळू नये, साध्या पाण्यानेच घ्यावी.

अमृतवेल

कळलं. डॉक्टरांशी बोलूनच ठरवते.

रानवाट

सातपुडा दादा, लाल अंबाडी गच्चीत कुंडीत येईल का? बी कुठून मिळवू आणि कधी लावू?

सातपुडा

येते की. दीड फूट खोल कुंडी, ऊन भरपूर हवं. बी तालुक्याच्या आठवडी बाजारात देशी बियाणं विकणाऱ्यांकडे विचारा, आणि 'बोंडाची लाल' असं सांगूनच घ्या, नाहीतर वाखाची हातात येईल. जून-जुलैत तीन-चार बिया टोचा, जोमदार रोप एकच ठेवा. वीतभर झालं की शेंडा खुडा, तो भाजीत टाका, झाड फुटतं आणि बोंडं जास्त लागतात. उशिरा लावलं तरी फूल दिवस लहान व्हायला लागल्यावरच येतं, फक्त झाड बुटकं राहतं. फूल गळल्यावर साधारण तीन आठवड्यांनी बोंड टचटचीत होतं, तेव्हाच तोडा. आतली हिरवी गोटी काढून टाका आणि बाहेरचा लाल गर सावलीत वाळवा. दोन-चार बोंडं झाडावरच वाळू द्या, पुढच्या वर्षीचं बी त्यातूनच निघतं.